तू आगीपाशी बसलीस म्हणून नव्हे

आई, तुझ्या काखेतली कातडी सोलून निघाली, त्यात तुझा काही दोष नव्हता. हे नीट समजायला मला इतकी वर्षं लागली, आणि आता ऐकायला तू नाहीस.

धुळ्याला मावशीकडे राहून तू छातीच्या गाठीवर आणि काखेत शेक घेत होतीस. रेडिएशनला आपल्याकडे सगळे शेकच म्हणायचे, अजूनही म्हणतात. रविवारी मशीन बंद, म्हणून एका शनिवारी आपण एस.टी.नं जळगावला घरी आलो. थंडीचे दिवस, बाजारात भरताची मोठी हिरवी वांगी आलेली. मग तू कुणाचं ऐकतेस! मागच्या अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्यास आणि वांगी उलटीपालटी करत बसलीस. मी ओरडले, तर म्हणालीस, "गॅसवरचं भरीत म्हणजे नुसता लगदा गं." त्या दिवशी तू आजारी दिसतच नाहीस. नाना ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशी दोनदा मागून खातात, आणि तू जाळाशी बसूनच हसतेस.

पुढच्या आठवड्यात कातडी फुटली. पोलकं अंगाला चिकटायचं, सोडवताना तू दातांत पदर धरायचीस. डॉक्टरांनी शेक थांबवला. त्या जागेला ऊन लागू देऊ नका, एवढंच ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. आपणच त्या उन्हात आगही धरली. दवाखान्याच्या बाकावर, सगळ्यांदेखत नाना तुझ्यावर कडाडले, "उन्हातसुद्धा जायचं नव्हतं, अन् तू आगीपुढे ठाण मांडून बसलीस!" बायको हातची जाईल म्हणून ते घाबरले होते, हे मला आता कळतं. तेव्हा मला त्यांचा फक्त राग आला होता. शेजारी अमळनेरकडची अक्का होती, तुझाच आजार, तुझ्याइतकाच शेक, आणि तिची कातडी नुसती काळवंडलेली. ती म्हणाली, "मी बी रोज चुल्हापुढे बसस, माले काहीच नही व्हयनं. तुना काय दोष शे यामा?" तिचं कुणी मनावर घेतलं नाही. तूही नाही. जखम भरायला फार दिवस गेले, तोवर गाठीनं पुन्हा डोकं वर काढलं. शेवटी शेवटी तू म्हणायचीस, "माझ्याच जिभेनं माझा घात केला." आणि आम्ही कुणी नाही म्हटलं नाही.

आता मी शेक देण्याच्याच विभागात काम करते. सारखाच शेक घेऊन एक बाई चालत घरी जाते आणि दुसरीची कातडी सोलते, हे मी नेहमी बघते. ज्याचं त्याचं अंग, आई. कुणाचं अंग शेक सोसणार नाही, हे आधीच ओळखता यावं म्हणून मोठमोठ्या ठिकाणी माणसं खटपट करताहेत. रक्त तपासतात, कातडीचा तुकडा काढून त्यालाच आधी शेक देऊन बघतात. आमच्यापर्यंत त्यातलं अजून काही आलेलं नाही. परवा नशिराबादची एक सून आली, गळ्याला शेक चालू, तिथली कातडी फुटलेली. सोबतची सासू म्हणाली, "उन्हात पापड वाळत घालत बसली, भोगा आता!" माझा आवाज एकदम चढला. म्हटलं, "आजी, पापडांनी एवढं होत नसतं. तिचं अंगच तसं आहे, तिला बोल लावू नका." म्हातारीनं सुनेच्या गळ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तसं अंग होतं, तर बाई, तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

मी सुनेच्या गळ्यावर मलम लावायला घेतलं. ती रडता रडता थांबली होती. तुझा दोष नाही, एवढंच तुला कुणी म्हणायला हवं होतं.

हा कागद कुठे टाकायचा, तेही मला ठाऊक नाही. आणि एक सांगते, हसू नकोस. एवढं सगळं कळूनही वांगं भाजायचं झालं की मी ते गॅसवर ठेवते आणि छातीवरून पदर घट्ट ओढून लांब उभी राहते. भरीत नुसता लगदा होतं, आई.