चेन्नईला गेल्याचा फ्लेक्स लागलेल्या मुलाच्या सुटकेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, पुणे

विषय: मुलगा अजिंक्य यास खाजगी व्यसनमुक्ती केंद्रातून सोडवून दवाखान्यात उपचार मिळणेबाबत.
संदर्भ: अर्जदाराचा यापूर्वीचा निनावी अर्ज (नावाअभावी दफ्तरी दाखल).

महोदय,

१. संदर्भीय अर्जात ‘ओळखीतला एक मुलगा’ असे लिहिले होते. तो मुलगा अर्जदाराचा स्वतःचा आहे. हे लिहिताना अर्जदारास मेल्याहून मेल्यासारखे होत आहे.

२. अजिंक्य चाकणला कंपनीत होता. ओव्हरटाइमला झोप येऊ नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या, पुढे पावडर. सरकारी दवाखान्यात न्यावे हे सुचले नाही असे नाही. परंतु तेथील रांगेत भावकीतले कोणी ना कोणी भेटतेच. सबब अर्जदाराने चाकणबाहेरच्या एका केंद्राची माणसे बोलावली. त्यांनी त्यास दंडाला धरून गाडीत घातले.

३. पोरगा कुठे दिसत नाही, असे लोक विचारू लागले. अर्जदाराच्या तोंडून ‘चेन्नईला, ट्रेनिंगला’ असे निघून गेले. झाले! तालमीच्या पोरांनी चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लावला. अर्जदाराचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. अर्जदाराने तो मान खाली घालून घेतला. लोक म्हणाले, किती साधा माणूस.

४. केंद्रात भेटीस गेले असता अजिंक्यच्या पायात साखळी व पाठीवर वळ दिसले. तेथे डॉक्टर येत नाही. तक्रार तर केली, पण नाव लिहिण्यास हात धजला नाही. प्रस्तुत अर्जाच्या कच्च्या मसुद्यात तर, चौकशीस येणाऱ्या साहेबांनी आपण चेन्नईच्या कंपनीतून आल्याचे सांगावे, अशीही विनंती होती. पत्नी सुभद्राबाई यांनी तो कागद फाडला. “पोरगं साखळीत हाय, आन् तुमी अब्रू झाकताय,” एवढेच त्या बोलल्या.

५. भेटीत अर्जदाराने मुलास चेन्नईची गोष्ट पढवून ठेवली होती, पुढेमागे एकवाक्यता राहावी म्हणून. निघताना त्याने विचारले, “आप्पा, मग मी चेन्नईवरनं कधी यायचं?”

६. तरी त्यास तातडीने सोडवावे व त्याला विचारून, मारहाण न होता उपचार मिळावेत. त्याचा आजार कोणाला सांगायचा, ते तो ठरवील. खोटे मात्र अर्जदार बोलला, तसे अर्जदाराच्या नावानिशी नोंदवावे. फ्लेक्स अर्जदाराने भरदिवसा स्वतः उतरवला आहे.

आपला शरमिंदा व नम्र,
लक्ष्मणराव बाबूराव काशिद
पिंपळे गुरव
दिनांक: १२ ऑगस्ट २०२५

सोबत: मुलाचा अलीकडचा फोटो, ओळख पटण्यासाठी. (घरी दुसरा नसल्याने फ्लेक्समधून कापून जोडला आहे.)