खालून तिसरी पट्टी

गाझियाबाद, मंगळवार संध्याकाळ

शहरात फोन देणारे आम्ही एकटेच, म्हणून आजच्या पेपरात आमच्यावर व्यंगचित्र. आमचं खातं म्हणजे ढेरपोट्या शेठ. सरकारी निरीक्षक त्याचं पोट मोजतोय, पण टेपची दोन्ही टोकं शेठच्याच हातात. मागे टेलिफोनच्या तारांचा रॅक. चित्राखाली सही नाही.

जेवताना सगळे हसत होते. मी म्हणाले, "मागच्या रॅकवर तारांची खालून तिसरी पट्टी उलटी बसवलीय. तशी फक्त आपल्याच एक्स्चेंजमध्ये आहे." कशाला बोलले? साहेबांनी विचारलं, "पक्का?" मी म्हणाले, "बिल्कुल."

चार वाजता साठेकाकांना मेमो. आमचे ड्राफ्ट्समन ते एकटेच. पट्टीसुद्धा जशी आहे तशी काढायची काय गरज होती त्यांना? आणि मला ती दिसायची?

सुटताना ते माझ्या टेबलाशी आले. "कुणी ओळखलं, देव जाणे. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत गं, नोकरी जायला नको. तू नेमकं लिहितेस, खुलासा तूच लिहून दे."

लिहून दिला. एकही वाक्य खोटं नाही.

काकांनी तो दोनदा वाचला. "काही राहिलं नाही ना यात?"

मी म्हणाले, "नाही."