लाडवांपाशी तुंबलेली रांग

कोल्हापूर, सोमवार

तीर्थरूप राजमतीमामींना श्रेणिकचा जय जिनेंद्र आणि वाकून नमस्कार.

दीपाताई सासरी रुळली असेल, मामांचा गुडघा तिच्या लग्नाच्या धावपळीतून सावरला असेल आणि तुमचा घसा सुटला असेल, अशी आशा आहे. (तो कशाने बसला, हे अख्ख्या कागलला माहीत आहे.)

मी विद्यापीठात नक्की काय करतो, हे तुम्ही दर दिवाळीला विचारता आणि मी दर दिवाळीला फराळाकडे वळतो. आज सांगतोच. दोन वाटा, दोन्हींवर कण एकामागून एक सरकतात, तेही पुढची जागा रिकामी झाली तरच, आणि दोन्ही वाटांना कण पुरवणारा साठा एकच, तोही अपुरा. एक वाट तुंबली की सगळे कण तिथेच अडकतात आणि दुसरी ओस पडते. माझ्या संगणकावर हे रोज घडतं. पण आमच्या क्रांतीमॅडमनी बजावलं होतं, की खऱ्या जगातलं उदाहरण आण, नाहीतर प्रबंधाचा विषय बदल. इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाणार, या काळजीतच मी लग्नाला आलो.

आणि तुम्ही माझ्याकडे ताटं सोपवलीत! भाड्याची निम्मीच आलेली, आणि आपल्यात तर दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. मी ऐटीत दोन रांगा केल्या, एक वरपक्षाची, एक आपली. धुतलेली ताटं दोन्हीकडे सारखी. गणित चोख होतं. पण वरपक्षाच्या रांगेच्या टोकाला लाडवांची परात घेऊन तुम्ही उभ्या होतात, ते गणितात नव्हतं. "पावणं, एकच? आमच्या दीपाची शपथ हाय!" प्रत्येक पाहुणा तिथे अडला, मागची रांग थिजली, आपल्याकडून धुऊन परतणाऱ्या ताटांतलीही निम्मी तिकडेच जात शेवटी झाडून सगळी तिथे अडकली, आणि आपली माणसं रिकाम्या हातांनी सूर्याकडे बघतायत. (मी हर्षभरित होऊन फोटो काढत होतो. मामांचा धपाटा अजून पाठीत आहे.) भानावर आल्यावर मी विहीणबाईंच्या देखत तुमच्या हातातली परात काढून घेतली आणि तुम्हाला हात धुण्याच्या नळापाशी नेऊन उभं केलं. तुम्ही पदर खोचलात. आणि तिथेही तोच आग्रह: "हात धुवा की पावणं, ताट द्या हिकडं!" ताटं भराभर परतू लागली आणि दिवस बुडायच्या आत शेवटचं माणूस जेवून उठलं.

मामी, मॅडमनी फोटो पाहिले आणि माझा विषय बचावला. तुम्ही नसतात तर मी कामातून गेलो होतो. हे उपकार मी विसरणार नाही.

तुमचा भाचा,
श्रेणिक

ता. क. एका लग्नावर सिद्धांत उभा राहत नाही, असं मॅडमचं म्हणणं पडलं. तेव्हा आता तुमच्या केतनदादाचं लग्न एकदाचं जमवा की. मुलीकडच्यांना म्हणावं, ताटं कमीच मागवा.

आणखी एक ता. क. वर शेवटचं माणूस जेवलं असं लिहिलंय, ते खोटं आहे. तुम्ही त्या दिवशी उपाशीच राहिलात, हे दीपाताईने काल फोनवर सांगितलं. केतनदादाच्या लग्नात पहिलं ताट तुमचं. लाडवांची परात घेऊन मी समोर उभा राहीन आणि तुमचं 'पुरे' ऐकणार नाही. रांग तुंबली तर तुंबू दे.