हरणाऱ्यांची बाजू

धाहरान,
१२ एप्रिल

प्रिय तल्हा,

गेल्या चार वर्षांत माझ्याकडून तुला जे जे कागद आले ते सगळे वकिलाने पाठवलेले. हा मी स्वतः लिहितोय. तू माझा फोन उचलत नाहीस आणि त्यात तुझं काही चुकत नाही. माझ्या ऑफिसातले उमाकांत शनिवारी सुट्टीवर महाडला निघालेत, ते वाट वाकडी करून हे पत्र तुझ्या हातात देणार आहेत. माणूस भला आहे, त्यांना चहा पाज. राग माझ्यावर आहे तो माझ्यावरच राहू दे.

सकिना बरी आहे, गुडघा तेवढा दुखतो. उमामा आता आईपेक्षा उंच झाली. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती तुझ्या कामाच्या शेडमध्ये बसून होडीच्या इंजिनाचे नट रॉकेलमध्ये धूत होती आणि तिचा फ्रॉक पाहून सकिना ओरडली होती. आता आठवीत आहे. इथे कंपनीच्या वसाहतीतल्या शाळेत अमेरिकन अभ्यासक्रम, त्यामुळे पोरीला शिवाजी महाराज माझ्याकडून ऐकावे लागतात आणि अमेरिकेचा इतिहास मला तिच्याकडून. गेल्या महिन्यात तिच्या वर्गात वादविवाद ठेवला होता. अमेरिका इंग्रजांपासून सुटली तेव्हा तेरा राज्यं होती. त्या सगळ्यांवर एक बळकट राष्ट्रीय सरकार असावं, त्याची स्वतःची कोर्टं असावीत, अशी घटना लिहिली गेली, आणि पुष्कळ लोक त्याविरुद्ध उभे राहिले. अर्ध्या वर्गाने घटनेच्या बाजूने बोलायचं, अर्ध्याने विरोधात. उमामाच्या चिठ्ठीत विरोध निघाला. घरी आली ती रडकुंडीला येऊन. "अब्बा, मुझे हारनेवाली साइड मिली है," म्हणाली.

मग रोज संध्याकाळी जेवणाआधी आमची तालीम चालायची. ती विरोधकांची बाजू मांडायची, मी सरकारची. मला ते जड गेलं नाही. मजबूत सरकार हवं, गावातले लोक नात्यागोत्याकडे बघून बोलतात, दूरचं मोठं कोर्ट कुणाला ओळखत नाही म्हणूनच ते निःपक्षपाती, असं मी ठणकावून सांगायचो. बोलता बोलता लक्षात यायचं की ही वाक्यं मी आधी कुठेतरी लिहिली आहेत. तुला लिहिली होती. खटल्याच्या आधी, घराचा वाद निघाला तेव्हा तू म्हणाला होतास, "भाई, जमातीची चार माणसं बसवू, ती सांगतील ते मला कबूल," आणि मी उत्तर धाडलं होतं की देशात कायदा आहे, कोर्ट आहे, गावकीचे दिवस गेले.

उमामाने पुस्तकांतून शोधून काढलं होतं की त्या विरोधकांना सगळ्यात जास्त धास्ती कशाची होती. श्रीमंत माणूस गरिबाला शेकडो मैल लांबच्या कोर्टात खेचील, गरिबाचे साक्षीदार तिथवर जाऊ शकणार नाहीत, आणि त्याला ओळखणारं एकही माणूस तिथे नसेल. मी म्हटलं, न्याय मागायचा तर जायला हवंच. ती म्हणाली, "लेकिन अब्बा, जो पहुँच ही नहीं सका, उसकी बात सुनी किसने?" मी पाणी प्यायला उठलो. सकिना भाकऱ्या थापत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सांगा की तिला."

मी नाही सांगितलं. सकिनाने सांगितलं, आणि ते मला शाळेच्या हॉलमध्ये कळलं. पालकांना बोलावलं होतं. उमामा उभी राहिली. आधी दोनशे वर्षांपूर्वीचं बोलली, आणि मग कागद खाली ठेवून म्हणाली की माझे चाचा कोकणात होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात. गावाजवळच्या कोर्टात ते जिंकले, कारण शेजाऱ्यांनी येऊन खरं सांगितलं. मग अपिलात खटला मुंबईला गेला. ते तीनदा काम बंद ठेवून मुंबईला गेले, दिवसभर बाकावर बसले, तिन्ही वेळा त्यांचा नंबर लागलाच नाही. चौथ्यांदा ते गेले नाहीत. खटला कुणी भरला ते तिने सांगितलं नाही. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. शेजारच्या बाई हळूच मला म्हणाल्या की मुलगी फार छान बोलते.

मतदान झालं, ती बाजू तीन मतांनी हरली. गाडीत बसल्यावर वर्गाच्या बाईंनी सांगितलेलं तिने मला सांगितलं की त्या काळीही हीच बाजू हरली, पण त्यांनी इतका आग्रह धरला की पुढे घटनेत माणसांचे हक्क लिहावे लागले, खटला आपल्याच भागातल्या माणसांपुढे चालण्याचा हक्कसुद्धा. मग विचारलं, "अब्बा, आप नाराज़ हो?" मी गाडी कडेला घेतली. पोरीने माझ्या हातावर हात ठेवला आणि तशीच बसून राहिली.

तल्हा, आता तुला ठाऊक नाही ते लिहितो. अम्माने घर तुला दिलं त्याच्या आदल्या दिवशी तिने मला फोन केला होता. म्हणाली, तल्हाने माझं सगळं केलं, घर त्याला देते, तुझं मन दुखणार नाही ना? मी म्हटलं, दे अम्मा, मी खूश आहे. खरंच होतो. पण ती गेली, माझी साठी जवळ आली, इथे राहायचा परवाना, तो इकामा, संपला की या देशात मी कुणी नाही हे दिसायला लागलं, आणि परत जायचं तर कुठे, या भीतीने मला पोखरलं. कोर्टात मी शपथेवर लिहून दिलं की अशा देणगीची मला काहीच माहिती नाही. अमिरुन्निसा चाची, जिने आपल्या दोघांना अंगाखांद्यावर खेळवलं, तिने श्रीवर्धनच्या कोर्टात खरं सांगितलं की अम्माने घर तिच्यासमोर तुला दिलं, आणि माझ्या वकिलाने तिला खोटारडी ठरवलं. मी त्याला थांबवलं नाही.

परवा मुंबईहून वकिलाचा फोन आला. निकाल लागला आणि माझ्या बाजूने लागला. तुझ्या बाजूने बोलायला कुणीच हजर नव्हतं. तो माझं अभिनंदन करत होता. आता नोटीस तुझ्या दारात येईल, आणि ती येण्याआधी हे पत्र पोचावं एवढ्यासाठी लिहायला बसलो. नोटीस वाचून घाबरू नकोस, घरातलं एक भांडंही हलवू नकोस. घर तुझं आहे. माझा हक्क सोडल्याचा मसुदा मी करून घेतलाय, प्रत सोबत आहे. बावीस तारखेला मी येतोय, उमामा हट्टाने बरोबर येतेय. आपण दोघं जाऊन तो कागद नोंदवू. शपथेवर काय खोटं लिहिलं तेही मी कोर्टाला लेखी कळवणार आहे, मग जे होईल ते होवो. त्याआधी मला चाचीकडे जायचंय, आणि शुक्रवारी नमाजनंतर जमातीसमोर उभं राहून सांगायचंय की ती खरं बोलली होती. उतरायची सोय मी श्रीवर्धनला लॉजवर केलीये. उमामाला मात्र तुझ्याकडे राहू दे, तिला चाचा हवाय. मला घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालास तरी मी दारातून सलाम करून जाईन.

तुझाच,
फकरुद्दीनभाई