दगडावरचा बाण

नाशिक रोड, रविवार

प्रिय तेजल,

पत्र बघून म्हणशील, ही बया फोन का करत नाही. फोनवर तू गप्प राहिलीस तर माझी बोबडीच वळेल, म्हणून लिहितेय. परवा स्टेशनवर तुझी आई भेटली. घोटीच्या शाळेत शिकवतेस, पीएचडीचं नाव काढलं की उठून जातेस, असं सांगत होती. मला मान वर करवेना.

सौराष्ट्रातला तो किनारा आठवतो? चुनखडीच्या कड्यातली बोटभर लाल पट्टी तुलाच आधी दिसली. कसारा घाटात दोन काळ्या थरांमध्ये अशीच माती असते, म्हणून तू नाचलीस. समुद्र मागे गेला, जमीन उघडी पडून तिची माती झाली, मग पाणी परतलं. एक पर्व संपून दुसरं सुरू होतं ती रेघ हीच, असं तुझं म्हणणं. पट्टीच्या अगदी खालचा तुकडा आपण फोडून आणला. वरची बाजू कळावी म्हणून मी त्यावर बाण काढला होता.

सादरीकरणात त्याच तुकड्याने तुझा घात केला. बाणाप्रमाणे खाली किनाऱ्यावरचे जाड शिंपले, वर खोल पाण्यातला बारीक गाळ. म्हणजे समुद्र पुढे येत होता. मग लाल पट्टी कसली, गंजाचा डाग. सर हसले, सगळेच हसले. तू माझ्याकडे वळून एवढंच म्हणालीस, "समुद्र हटला होता, उज्वला. तू होतीस ना तिथे?" मी वही चाळत बसले. महिन्याभरात तू संशोधन सोडलंस.

तेजल, तो बाण किनाऱ्यावरचा नव्हताच गं. खाऱ्या पाण्याने शाई धुऊन गेली, मी घरी ओट्यावर अंदाजाने पुन्हा काढला. तू गेल्यावर लेखासाठी तुकडा कापला तेव्हा कळलं. बंद शिंपल्यांत अर्धा गाळ, अर्धे पांढरे स्फटिक. चहाची पावडर कपाच्या तळाशी बसते, तसा गाळ तळालाच बसणार. इथे तो बाणाच्या टोकाकडे होता. तुकडा उलटा होता, म्हणजे समुद्र हटलाच होता. मी तो कपाटात ढकलला, लेखात मात्र समुद्र पुढे येत होता असंच छापलं, त्यावर नोकरी मिळवली. तीन वर्षं गप्प बसले, इतकी मी नीच.

काल सरांना सगळं लिहून दिलं, लेखही मागे घेतेय. नोकरीचं व्हायचं ते होवो. तुझी नोंदणी तीस तारखेपर्यंत पुन्हा होऊ शकते, सर स्वतः फोन करतील. माझा उचलू नकोस, त्यांचा उचल. तुकडा सोबत पाठवतेय. बाण पुसलाय. आता तो तू काढ.

म्हणायची लाज वाटते, तरी तुझीच,
उज्वला