हिरवा पट्टा

लीड्स, ९ नोव्हेंबर १९५८

ती. ओडेसामावशीस एल्मिनाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तू पाठवलेली मक्याची गोड काँकी पोचली. वरचं केळीचं पान काळं पडलं होतं, तरी मी तेही चाटून घेतलं. गणवेशाचं विचारलंस, तर ऐक. कॉलर खळीने इतकी कडक की मान सोलवटून निघते. अंगरख्याची बटणं सुटी. मागून बारीक कडी घालून बसवायची आणि कपडे धुलाईला टाकण्याआधी सगळी काढायची. पहिल्यांदा मी विसरले. बटणांचा चुरा झाला आणि धुलाईवाल्या बाईंनी माझ्या सात पिढ्या काढल्या. त्यापेक्षा तुझ्या काळचे, पाठीवर अडकवायचे तारेचे आकडे बरे की गं!

एक शंका. आम्हा थोड्या जणींना कमरेला हिरवा पट्टा आहे, बाकीच्यांना निळा. मला वाटलं, पहिल्या वर्षाला हिरवा, वर चढलं की निळा. पण माझ्याबरोबर शिकणारी कॉर्क गावची नोरा हसत सुटली. म्हणाली, हिरवा दोन वर्षांत संपतो आणि हिरवाच राहतो. तू नर्स होतीस, तूच सांग. परत आपल्या बेटावर येऊन ब्रिजटाउनच्या हॉस्पिटलात तुझ्यासारखी नर्स व्हायचं, एवढ्यासाठीच तर ही थंडी सोसते आहे.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी एल्मिना

स्पाइट्सटाउन, २ डिसेंबर १९५८

चि. एल्मिनास अनेक आशीर्वाद.

पट्ट्याचे रंग बघत बसू नकोस, अंगात लोकरीचं घालतेस की नाही ते सांग. आणि आकड्यांची थट्टा नको, पोरी. ते स्वतःचे स्वतःला लावता येत नसत. जिच्याशी कडाक्याचं भांडण, तिच्यापुढेही सकाळी पाठ करून उभं राहावं लागे. पुढे समोर बटणं आली आणि मुली शिष्ट झाल्या. नर्स ती नर्स, रंगाने काय होतं? माझ्या लेकीलाही, कोरीनला, पुढच्या वर्षी तुझ्याच हॉस्पिटलात जागा आहे. धाकट्या बहिणीसारखी सांभाळ तिला.

तुझी मावशी

लीड्स, १८ ऑक्टोबर १९५९

श्रीमती ओडेसा ग्रिनिज यांस सा. न.

कोरीन सुखरूप पोचली. पहिल्या दिवशी तिची कॉलर मीच अडकवून दिली. मग तिने पट्टा बांधला. निळा. मी विचारलं, निळा कसा, तर ती भाबडेपणाने सांगत सुटली, की गेल्या वर्षी तीन वर्षांच्या शिक्षणाची एकच जागा होती आणि निवड मंडळाने ती मला दिली होती. तुम्ही जाऊन सांगितलंत, की एल्मिनाला दोन वर्षांचंच हवंय, ही जागा पुढच्या वर्षी कोरीनला ठेवा. तिला वाटतं, मीच तसं म्हटलं होतं. तिने माझे आभार मानले, मावशी.

मेट्रनना विचारलं. हिरव्या पट्ट्याची परीक्षा ब्रिजटाउनला चालत नाही. तिथे मला फार तर आया म्हणून घेतील. हे तुम्हाला ठाऊक होतं. मी विचारलं तेव्हाही ठाऊक होतं. आई गेल्यापासून मी तुमच्याच ताटात जेवले. परक्याने फसवलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुम्हाला काय देऊ?

एल्मिना

स्पाइट्सटाउन, ५ नोव्हेंबर १९५९

चि. एल्मिनास आशीर्वाद.

श्रीमती काय, तुम्ही काय! एवढी मोठी झालीस? कोरीन अभ्यासात कच्ची, मंडळापुढे तिचा निभाव लागला नसता. तुला कुठेही टाकलं तरी तू उभी राहशील. आणि मी घेणार तरी कुणाचं होते? परक्या मुलीचं घेता येतं का? तू माझी, म्हणून तुझं घेतलं.

हॉस्पिटलात नाही घेतलं तर घर आहेच. माझे गुडघे गेलेत, पायऱ्या उतरवत नाहीत. कोरीन मोठी नर्स होणार, ती काही घरात बसायची नाही. तुझी खोली झाडून ठेवली आहे. तिथलं संपलं की ये. राग धरू नकोस.

तुझीच मावशी

लीड्स, ३० नोव्हेंबर १९५९

श्रीमती ओडेसा ग्रिनिज यांस,

माझं झालेलं शिक्षण धरणार नाहीत, पण जानेवारीपासून निळ्या पट्ट्याच्या वर्गात पहिल्यापासून बसायला मेट्रननी परवानगी दिली आहे. कोरीन माझ्या पुढे असेल. तिला मी काही सांगितलेलं नाही. तुमच्यासाठी नव्हे, तिच्यासाठी. तिला ताप होता, आता उतार आहे. काळजी नसावी.

परीक्षा झाली की ब्रिजटाउनला येईन. नोकरी हॉस्पिटलात करीन आणि राहीन नर्सांच्या वसतिगृहात. खोली कुणाला भाड्याने द्यायची तर द्या. गुडघे फारच दुखले तर हॉस्पिटलात या. बाहेर बाक आहेत, तिथे सगळ्यांबरोबर रांगेत बसा. नंबर आला की मी बघेन.

कळावे.
एल्मिना