मॅनेजर, अंडी विभाग

३ मार्च, सकाळी १०
आजपासून गाड्या धुणं बंद. म्हणजे मनातून बंद. मोंबासाच्या किनाऱ्यावरच्या त्या मोठ्या हॉटेलात कोठीसाठी माणूस हवाय. गणवेश, दोन वेळचं जेवण. काम माझंच. सीव्ही द्यायचा तेवढा बाकी.

४ मार्च
सायबर कॅफेतल्या म्वानाइदीकडून सीव्ही टाइप करून घेतला. तिला काही कळत नाही. गाड्या धुतो असं सरळ लिहू म्हणाली. मी ‘वाहन-स्वच्छता तज्ज्ञ’ लिहायला लावलं. शिक्षण विचारलं. सातवीत सोडलं हे तिला कशाला? ‘चालू आहे’ म्हटलं. बघतच बसली. या किनाऱ्यावरच्या लोकांना माणसाची पारख नाही.

६ मार्च
शेवटी रेफरी लागतो. म्हणजे हॉटेलवाल्यांनी फोन केला की आपल्याबद्दल चांगलं बोलणारा माणूस. पाद्री नको, तो खरं बोलतो. गाड्यांचा मालक त्याहून वाईट. उरला सिमियु. माझ्याच गावचा, माझ्याच खोलीत राहतो, हातगाडीवर उकडलेली अंडी विकतो. त्याला आयुष्यात काही व्हायचंच नाही. सीव्हीत त्याला ‘मॅनेजर, अंडी विभाग’ केलं. आभार राहिले बाजूला, वर म्हणतो, "गड्या, खोटं बोलताना मला घाम फुटतो रे." काय बोलायचं ते कागदावर लिहून दिलं.

७ मार्च
गावी आईला फोन. नोकरी लागली म्हणून सांगून टाकलं. चार दिवस इकडेतिकडे. तिने कोंबडी कापून शेजाऱ्यांना जेवू घातलं.

११ मार्च
उठायला नऊ. सोमवारपासून पाचला.
सिमियुला हॉटेलच्या मॅडमचा फोन आला होता. माझ्या कागदात त्याने गिऱ्हाइकाला अंडी बांधून दिलेली. मूर्ख. मी वेळेवर उठतो का, असं त्यांनी विचारलं. तर हा म्हणाला, "मॅडम, मी चारला अंडी उकडायला उठतो तेव्हा तो झोपलेला असतो. आठला परत येतो तेव्हाही झोपलेला असतो. मधलं मला ठाऊक नाही."
मग म्हणे त्यांनी रोज किती अंडी, किती फुटतात, हेच विचारलं. महिन्यात दोन, म्हणाला. मोठ्या लोकांना गप्पांची हौस. उद्या भेटायला बोलावलंय. कोणाला ते विचारलं नाही. उघड आहे.

१२ मार्च
इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. वॉचमनच्या यादीत माझं नाव नाही. सिमियुचं आहे. त्याची हातगाडी गेटबाहेर उभी. आत जाता जाता म्हणाला, जरा गाडीकडे बघ. दोन तासांत नऊ अंडी विकली. तीन फुटली. अंडीच कच्च्या कवचाची.
गाड्यांच्या मालकाने निरोप धाडला, उद्यापासून येऊ नकोस. मीच सोडणार होतो.

१५ मार्च
सिमियु लागला. गणवेश ढगळ, अजिबात शोभत नाही. त्यालाही रेफरी लागला, माझं नाव दिलं त्याने. मॅडमचा फोन आला. कष्टाळू, प्रामाणिक, वक्तशीर. कागदावरचं सगळं घडाघडा म्हटलं. पाठच होतं.

१८ मार्च, पहाटे ४
अंडी चुलीवर आहेत.
काल आईचा फोन. शेजारी विचारतायत, मुलगा तिथे नक्की कोण आहे. मॅनेजर, म्हटलं.
कोणत्या विभागाचा ते तिने विचारलं नाही.